आठ हजार सहाशेच्या आत

“तीन नको! अहो… तिथं एक काढा, एक!”

समिधानं करकचून ब्रेक दाबला. स्कूटीच्या हुकाला लटकवलेली मिठाईची पिशवी गुडघ्यावर आपटली आणि हेल्मेट कपाळावरून थेट भुवयांवर आलं. साडी नेसून स्कूटी चालवायची, त्यात साखरपुड्याला उशीर झालेला, आणि ही मधेच रस्त्यात थांबून एका अनोळखी माणसावर ओरडत होती.

भाईंदरजवळच्या पाली गावाच्या तोंडाशी शाळेची लांबलचक भिंत होती. शिडीवर उभा राहून एक तरुण पुरुषभर उंचीचे आकडे रंगवत होता. ७, ३, ९, ३, ९… आणि आता पुढच्या तीनची पहिली कमान ब्रशनं घेतली होती. त्यानं खाली पाहिलं. गालावर निळा रंग, केसांत पांढरा.

“मॅडम, तीननं तुमचं काय वाईट केलंय?”

“तीननं नाही. पण त्याच्यापुढे तुम्ही पुन्हा नऊ काढणार, हो ना? सात, मग एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस?”

“हो. दिसायला बरं दिसतं. मोठ्या बाईंनी सांगितलं, गणिताची भिंत कर, आकडे काढ. कुठले ते सांगितलं नाही. मग हाताला जे वळण आवडतं ते काढतोय. तीन, नऊ… ब्रश कसा घसरत जातो बघा.”

“आणि मग सगळ्याला सातानं भाग जाईल. सत्यानाश!”

तो हसला. मोठ्यानं नाही. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या, तेवढंच. “आणि एक काढला तर?”

“एक. मग तीन. मग पुन्हा तीन. आणि मग थांबायचं.”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, तुमच्या वाटेनं जा. यानं खिशातला बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, तीनची ओली कमान पुसली आणि तिथं एक ऐटदार एक काढला. मग तीन. मग तीन. मग शिडीवरून उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

७३९३९१३३.

“काढला,” तो म्हणाला. “आता सांगा. नाहीतर पुसून टाकीन.”

मीरा रोडच्या ज्युनिअर कॉलेजात समिधा गणित शिकवायची. वर्गात साठ पोरं, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’ आपल्याला जे आवडतं ते आपणहून कुणी विचारावं, ही अपेक्षाच सुटली होती तिची. त्यामुळे ती आधी जरा अडखळली.

“मूळ संख्या म्हणजे माहितीये ना? जिला एक आणि ती स्वतः, एवढं सोडून कशानंच भाग जात नाही.”

“शाळेत होतं. दोन, तीन, पाच, सात.”

“ही पूर्ण संख्या मूळ आहे. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. आता शेवटचा तीन हातानं झाका.”

त्यानं हात उचलला, आकड्याच्या मानानं तो फारच लहान निघाला. मग रंगानं माखलेली चादर भिंतीवर धरली.

“उरली ती पण मूळ. अजून एक झाका. ती पण. अजून एक…”

चादर सरकत गेली. ७३९३९१. ७३९३९. ७३९३. ७३९. ७३. शेवटी एकटा सात उरला.

“सगळ्या?” त्यानं चादर खाली घेतली.

“सगळ्या. शेवटचा अंक काढत जा, जे उरेल ते प्रत्येक वेळी मूळच. आणि अशा संख्यांमध्ये ही सगळ्यांत मोठी. हिच्यापुढे कुठलाही अंक लावा, मोडते. सम अंक लावला तर दोनानं भाग जातो, पाच लावला तर पाचानं. एक किंवा सात लावला तर तिनानं. तीन आणि नऊला जरा मेहनत पडते, पण तिथंही भाजक सापडतोच.”

“असं कोणी ठरवलं?”

“कोणीच नाही,” समिधा म्हणाली, आणि तिचा आवाज नकळत हळू झाला. “ती आहेच तशी. आपण नव्हतो तेव्हाही होती.”

तो भिंतीकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. तिला वाटलं, आता हसेल. तो म्हणाला, “मी चार वर्षं बोटींवर नावं रंगवतोय. पण एवढं देखणं काही रंगवलं नव्हतं. आणि मला पत्ता पण नाही!”

तिनं घाईघाईनं हेल्मेट सारखं केलं.

“तुमचा मोबाईल नंबर पण मूळ आहे का?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाही. सम आहे. दोनानं भाग जातो.”

“मग द्या की. दोघांत वाटून घेऊ.”

असल्या बोलण्यावर रागावायला हवं, हे समिधाला चौकात पोचल्यावर सुचलं. तोपर्यंत नंबर देऊन झाला होता. आणि पदराच्या टोकाला मोठा निळा डाग लागला होता. साखरपुडा होता तिची कॉलेजातली मैत्रीण मानसी हिचा. मानसीनं डाग बघितला आणि अंगठी घातलेलं बोट तसंच नाचवत म्हणाली, “बोटीचा ऑइलपेंट! अगं, हा तर पालीच्या लोकेशचा रंग. काय गं… कुठं घासलीस?”

*

पहिला मेसेज दुसऱ्याच दिवशी आला.

‘मॅडम, मोठ्या बाई विचारतायत हा कोणाचा फोन नंबर आहे, दोन आकडे कमी का. एका माणसानं लावून पण बघितला.’

समिधा स्टाफरूममध्ये एकटीच हसली. मग पुढचा आला.

‘आणि मी विचार करतोय. तुम्ही म्हणता भाग जात नाही. तुम्ही सांगता म्हणून मानू?’

तिनं लिहिलं, ‘मुळीच मानू नका. करून बघा.’

‘कुठपर्यंत करायचं? सात कोटीपर्यंत?’

‘नाही. आठ हजार सहाशेच्या आत बघितलं की पुरे. दोन संख्यांच्या गुणाकारातून ती झाली असेल, तर त्यातली एक तरी त्याच्या आतच सापडणार. दोन्ही मोठ्या असल्या तर गुणाकार हिच्यापुढे जाईल. आणि फक्त मूळ संख्यांनीच भागा. यादी पाठवू? त्याही हजारावर आहेत हं.’

उत्तर आलं, ‘यादी नको. मी काढतो. आणि भाजक शोधून दाखवतो.’

गंमत म्हणून बोलला असेल, असं तिला वाटलं. पण संध्याकाळी मेसेज आला : ‘७ नं दोन उरले.’ मग ‘११ नं चार.’ ‘१३ नं आठ.’ ‘१७ नं तेरा. ही बाई कोणाला दाद देत नाही.’

‘बाई?’

‘संख्या. ती संख्या. मग बाईच ना.’

त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा आणि लोकेशचे उरलेले आकडे, असं जोडीनंच येऊ लागलं. ‘३७ ला दोन कमी पडले, नाहीतर गेलाच होता.’ ‘४७ नं फक्त दोन उरले, छळते हो.’ आकड्यांच्या मधून मग इतर गोष्टी झिरपू लागल्या. त्याचा भाऊ बोटीवर जातो, याला मात्र समुद्र लागतो. कोळ्याचा पोरगा असून बोटीवर उलट्या काढतो म्हणून सगळं गाव हसायचं. मग त्यानं किनाऱ्यावर राहून बोटी रंगवायला घेतल्या. तिनं सांगितलं, ती शाळेत होती तेव्हा आई गेली. तेव्हापासून नवघर रोडवरच्या घरात ती आणि बाबा दोघंच. बाबा टपाल खात्यात आहेत. मूळचे परभणीकडचे. इतकी वर्षं भाईंदरला राहून अजून काट्याचा मासा खायला घाबरतात.

एकदा भर दुपारी त्याचा फोनच आला. समिधा वर्गात शिकवत होती. तिनं कधी नव्हे तो वर्गात फोन उचलला.

“सापडला!” लोकेश ओरडत होता. “मागचे पुन्हा तपासत होतो. एक्केचाळीस! एक्केचाळीसनं भाग जातो! अठरा लाख तीन हजार तीनशे त्र्याण्णव, शून्य बाकी!”

समिधाच्या हातातला खडू खाली पडला. नाही जाणार, तिला माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं. तरी तिला राहवेना. तिनं फळ्यावरच गुणाकार मांडला. साठ पोरं मागून बघत होती. मग तिनं डोळे मिटून हळूच श्वास सोडला.

“लोकेश… तुम्ही शेवटी एकशे तेरा दाबलंय. एकशे तेहतीस आहे ते. खरे वीस उरतात.”

पलीकडून एक खजील आवाज, “मला वाटलं, तुम्हाला हरवलं.”

“हरवायचंय मला?”

“नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला एकदा चकित करायचंय. तुम्ही मला रोज करता.”

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, हे परीक्षेला आहे का?” आणि मॅडम कानापर्यंत लाल झाल्या.

*

मार्च गेला, एप्रिल गेला. लोकेश तीन हजारांत होता, मग पाच हजारांत, मग सात. मधून मधून ते भेटत. कधी उत्तनच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर, कधी चौक गावच्या धक्क्यावर. एका भेटीत तो बोलता बोलता ‘तू’ म्हणून गेला आणि जीभ चावली. समिधानं ऐकलंच नाही असं दाखवलं. घरी जाताना मात्र सगळ्या रस्ताभर तिनं तो एक शब्द मनात घोळवला.

मेमध्ये दोन गोष्टी झाल्या.

बाबांनी, म्हणजे केरबा खिल्लाऱ्यांनी, जेवताना सांगितलं, “पुण्याचं स्थळ हाय. प्रणित नाव. आपल्यातलाच, इंजिनिअर. माणसं चांगली वाटली. रविवारी येऊ का म्हणून विचारतेत.” बाबा कधी जबरदस्ती करत नसत, त्यामुळेच त्यांना नाही म्हणणं जड जाई. समिधा म्हणाली, “दोन दिवसांत सांगते.”

आणि लोकेशचे मेसेज थांबले. शेवटचा होता : ‘८५०१ नं ५९३६ उरले.’ त्यानंतर काही नाही. तिनं लिहिलं, ‘पुढे?’ उत्तर आलं, ‘कामात आहे.’ तिनं पुन्हा विचारलं. त्यानं फक्त एक हसरा चेहरा पाठवला.

शेवट जवळ आल्यावर कंटाळला, समिधानं स्वतःला समजावलं. असतं काहींचं तसं. नव्याचे नऊ दिवस. पण मनाला पटेना. कंटाळणारा माणूस आठ हजारांपर्यंत येईलच कशाला?

शनिवारी कॉलेजातलं पेपर तपासायचं काम आटोपल्यावर तिनं स्कूटी काढली ती थेट पालीला.

गल्ली इतकी अरुंद की समोरून बाईक आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. लोकेशचं घर विचारत विचारत ती पोचली, तर ओटीवर त्याची आई, सरोजा, बोंबील निवडत बसलेली. तिनं समिधाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तूच गो ती आकड्यांवाली?”

समिधानं हेल्मेट काढून हातात घेतलं.

“त्या पोराला काय केलंस तू? जाळ्यांची खोली बघ जाऊन. जाळी ठेवायला जागा न्हाय ठेवली त्यानं.” मग हातातला बोंबील खाली ठेवून ती म्हणाली, “नाव काय तुझं? पूर्ण सांग.”

“समिधा केरबा खिल्लारे. आम्ही बौद्ध आहोत. बाबा परभणीचे.” तिनं सगळं एकदमच सांगून टाकलं. अर्धवट सांगून नंतर तोंड लपवण्यापेक्षा हे बरं.

सरोजानं खाली ठेवलेला बोंबील उचलला. हात पुन्हा चालू झाले. “मासे खातंस?”

“खाते.”

“मग बस जेवायला नंतर. गावात बोलणारे बोलतील. मी लग्न होऊन आली तवा पन बोललेले, वरच्या गावची काळी पोर आनली म्हनून. अजून बोलतात. मी हाय ना अजून.” तिनं मानेनं मागची बाजू दाखवली. “जा. तिकडंच हाय.”

खोलीत सुक्या जाळ्यांचा आणि रंगाचा वास भरला होता. समिधा दारातच थबकली.

चारी भिंतींना प्लायवूडच्या फळ्या टेकवलेल्या. त्यांवर एकापासून पुढे ओळीनं आकडे, हातानं काढलेले, बोटीच्या रंगात. दोनच्या पटीतले सगळे पिवळ्या रेघेनं कापलेले. तीनच्या पटीतले हिरव्या. पाचचे लाल, सातचे जांभळे… आणि रेघांच्या त्या जंगलात जे कापले गेले नव्हते, ते मूळ, एकेक निळ्या गोलात बसलेले. तिला वाटलं होतं, यानं कुठून तरी मोबाईलवर यादी घेतली असेल. यानं आठ हजार सहाशे आकडे लिहून, चाळून चाळून स्वतःची यादी काढली होती! दोन हजार वर्षांपूर्वीची ही चाळणी तिनं मुलांना किती वेळा शिकवली असेल, शंभरपर्यंत. पण ती अशी रंगांत, माणसाच्या उंचीची, तिनं कधी पाहिलीच नव्हती. तिरक्या रेघा एकमेकींना छेदत जात होत्या आणि निळे गोल आकाशात चांदण्या सांडाव्यात तसे कुठंही, कसेही पडले होते.

“किती सुंदर आहे हे…” ती पुटपुटली.

कोपऱ्यात लोकेश उठून उभा राहिला. दाढी वाढलेली. “तुम्ही? इथं?”

“हे सगळं तू केलंस?” तिला कळलंही नाही, ती ‘तू’ म्हणाली होती. “आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगायचं होतं. पूर्ण झाल्यावर.”

“मग पूर्ण का करत नाहीस?” ती शेवटच्या फळीपाशी गेली. “आठ हजार पाचशे एकनंतर फक्त दहा उरलेत. दहा! एका संध्याकाळचं काम. इथवर येऊन सोडतं का कुणी?”

तो ब्रशचे केस बोटानं विंचरत राहिला.

“लोकेश, मी तुला विचारतेय.”

“भाजक सापडणार नाही, हे मला कधीच कळलंय,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी पण बहुतेक माहीत होतं. तुझ्या डोळ्यांत दिसत होतं, ही बाई खोटं बोलत नाही. पण रोज नवे आकडे असले की रोज तुला मेसेज करायला कारण असायचं. हे दहा झाले की…” त्यानं खांदे उडवले. “मग मी काय निमित्त करून तुझ्याशी बोलणार? तू एवढी शिकलेली. मी बारावी. आकडे संपले की संपलंच की सगळं. म्हणून ठेवलेत. दहा.”

समिधानं तोंड वळवलं. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते. किती वेळा किती मुलांनी तिला विचारलं होतं, या सगळ्याचा उपयोग काय. आणि या वेड्यानं एका संख्येत तिच्यासाठी हजारभर निमित्तं शोधली, तरी त्याला ती पुरली नव्हती.

“कॅल्क्युलेटर काढ,” ती म्हणाली.

“नको ना…”

“काढ म्हणते ना. मी सांगते, तू दाब. आणि या वेळी एकशे तेहतीस नीट दाब.”

जाळ्यांच्या ढिगावर शेजारी शेजारी बसून त्यांनी भागायला सुरुवात केली. ती आकडा वाचायची, तो दाबायचा, बाकी सांगायचा. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि दोघंही सरकत नव्हते. शेवटी एकच राहिला. आठ हजार पाचशे सत्याण्णव. लोकेशचा अंगठा थांबला.

“दाब.”

“आठ हजार सहाशे वेळा गेला,” तो हळू आवाजात म्हणाला. “चार हजार नऊशे तेहतीस उरले.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती मूळच आहे.” त्यानं फोन खाली ठेवला. चेहऱ्यावर हरल्याचं काही नव्हतं. देवळातून बाहेर आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. “माझ्या हातानं बघितलं. खरंच कोणाला दाद देत नाही.”

“जगात हे माहीत असलेले लोक खूप आहेत,” समिधा म्हणाली. “पण हातानं करून बघितलेला माणूस मला एकच भेटला.” मग तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. “आता निमित्त संपलं ना? बोल. बिननिमित्ताचं काय बोलायचंय ते बोल.”

लोकेश बोलायला गेला, अडखळला, पुन्हा गेला.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “म्हणजे… संख्या आवडतेच. पण ती तू सांगतेस म्हणून.”

“मला पण,” समिधा म्हणाली. “तू.”

बाहेरून सरोजाची हाक आली, बोंबील गार होतायत. पण दोघांना ती ऐकू यायला बराच वेळ लागला.

*

रात्रीच्या जेवणाला समिधानं बाबांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मुलगा कोळी आहे, बारावी शिकलाय, बोटी रंगवतो. केरबा ऐकत राहिले. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

“त्यांच्या घरात ठाऊक हाय, आपण कोण ते?”

“त्याच्या आईला मीच सांगितलं. आज.”

“मग?”

“जेवायला वाढलं. एकाच ताटलीतून दोघींनी बोंबील खाल्ले.”

केरबांनी कधी तरी, कुठं तरी, वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा प्यायला होता, हे समिधाला माहीत होतं. ते त्याबद्दल कधी बोलत नसत.

“अन् त्या पुण्याच्या पोराला काय सांगू?”

“खरं ते सांगा. फोन मी करते हवं तर.”

“आकडे लिव्हत बसला म्हणतीस? आठ हजार? हातानं?”

“आठ हजार सहाशे.”

केरबांनी मान हलवली. नवल वाटल्यासारखी. मग तो तुकडा आमटीत बुडवून तोंडात टाकला, सावकाश चावला, पाणी प्याले.

“आमचं दुष्काळाचं गाव,” ते म्हणाले, “अन् पोरीनं शोधला तो समुद्राकाठचा. बरं. उद्या ते पुण्याचे येऊ म्हणत होते, त्यांना मी सांगतो, नका येऊ. पण सैपाकाचं सामान आणून ठेवलंय.” ते उठले, हात धुवायला गेले आणि मोरीतूनच म्हणाले, “त्याला बोलव जेवायला. अन् इचार, तिखट चालतं का. परभणीचं तिखट हाय म्हणावं, पुण्याचं न्हाई.”

समिधानं तिथंच, खरकट्या हातानं, डाव्या अंगठ्यानं मेसेज केला. उत्तर लगेच आलं.

‘चालत नाही. पण खाईन.’